सहा केबल: ॲडमिरल जॉर्ज ट्रायन आणि ‘व्हिक्टोरिया’चं प्रकरण

22 जून 1893, गुरुवार. ब्रिटिश आरमाराचा भूमध्य समुद्रातला ताफा सकाळी बैरूटहून निघून त्रिपोलीकडे चालला होता. हे त्रिपोली लिबियातलं नव्हे. आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावरचं, तेव्हा तुर्की अमलाखाली असलेलं. हवा स्वच्छ, समुद्र शांत, आसपास शत्रू नाही. दुपारी साडेतीननंतर ताफ्यातल्या उपप्रमुखाच्या जहाजाने प्रमुखाच्या जहाजाची कूस फोडली आणि तेरा मिनिटांत ‘एचएमएस व्हिक्टोरिया’ तळाशी गेली. जहाजावर 715 माणसं होती. 357 वाचली, 358 गेली. ताफ्याचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल सर जॉर्ज ट्रायन गेलेल्यांमध्ये होते.

हे प्रकरण सहसा एका वाक्यात उरकलं जातं: ॲडमिरलचा हिशेब चुकला आणि कोणी तोंड उघडलं नाही. वाक्य खोटं नाही, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत आहे. टक्कर झाली ती ट्रायनच्या हुकमामुळे. व्हिक्टोरिया उलटली आणि इतकी माणसं गेली ती मुख्यतः उघड्या दरवाजांमुळे. टक्कर टळली नसती तरी दुसरी गोष्ट टाळता आली असती. आणि या दोन्हींचं खापर एकाच मेलेल्या माणसावर फुटल्यामुळे त्याच्या डोक्यातली सर्वांत चांगली कल्पनाही त्याच्याबरोबर बुडाली.

ट्रायन कोण होते

जन्म 4 जानेवारी 1832, नॉर्दॅम्प्टनशरमधल्या बुलविकचा. त्या काळी मुलं तेराव्या-चौदाव्या वर्षी आरमारात शिरत. ट्रायन ईटन शाळेचं शिक्षण घेऊन 1848 मध्ये, सोळाव्या वर्षी आले. क्रिमियाच्या युद्धात ते सेव्हास्तोपोलपुढे आरमाराच्या तोफांवर होते. 1861 मध्ये ‘वॉरियर’ या ब्रिटनच्या पहिल्या लोखंडी बांध्याच्या चिलखती युद्धनौकेवर त्यांना कमांडर म्हणून घेतलं गेलं, यावरून वरिष्ठांचं मत कळतं.

त्यांचा खरा कस मात्र लढाईत नव्हे, सामानाच्या वाहतुकीत लागला. 1867-68 च्या ॲबिसिनिया (आजचा इथिओपिया) मोहिमेचं सैन्य मुख्यतः मुंबईहून निघालं होतं, सेनापती होते मुंबई लष्कराचे रॉबर्ट नेपियर. माणसं, खेचरं, उंट, धान्य, अगदी हत्तीसुद्धा जहाजांतून तांबड्या समुद्रातल्या ॲन्सली उपसागरात उतरत होते. तिथे धक्का नाही, सावली नाही, गोडं पाणी नाही; पिण्याचं पाणीसुद्धा जहाजांवर समुद्राच्या पाण्याची वाफ करून गाळावं लागे. मुंबईकडून येणाऱ्या जहाजांची ही रांग हलती ठेवण्याचं काम, डायरेक्टर ऑफ ट्रान्सपोर्ट्स म्हणून, ट्रायन यांच्याकडे होतं. कुठलं जहाज कधी रिकामं होईल, कुठे नांगर टाकेल, याचा हिशेब हा माणूस महिनोन्महिने अचूक करत होता. पुढे काय घडलं ते वाचताना हे ध्यानात ठेवावं.

त्यानंतर ॲडमिरल्टीचं, म्हणजे ब्रिटिश आरमारखात्याचं, कायम सचिवपद, ऑस्ट्रेलिया स्टेशनचं प्रमुखपद आणि 1891 मध्ये भूमध्य ताफ्याचं, म्हणजे ब्रिटनच्या सर्वांत मानाच्या ताफ्याचं, नेतृत्व. मधल्या काळात, 1888 च्या आरमारी सरावात त्यांनी ‘शत्रू’च्या बाजूने नाकेबंदी चुकवून थेट लिव्हरपूलवर धाड टाकून दाखवली होती.

टीए

ट्रायन यांचा मूळ आक्षेप साधा होता. त्या काळी ताफ्याची प्रत्येक हालचाल झेंड्यांच्या संकेतांवर चाले. प्रमुख जहाज संकेत चढवणार, बाकीची जहाजं तोच संकेत आपल्या दोरीवर चढवून ‘कळलं’ म्हणणार, मग प्रमुख आपला संकेत उतरवणार आणि तो उतरला की सगळे वळणार. सरावात हे देखणं दिसे. लढाईत धुराने झेंडे दिसत नाहीत, गोळ्याने दोऱ्या तुटतात, संकेत देणारी माणसं मरतात. मग ताफा काय हुकमाची वाट पाहत सरळ जात राहणार?

यावर त्यांनी काढलेला उपाय म्हणजे ‘टीए’. ही दोन अक्षरं चढवली की अर्थ एवढाच: माझ्या जहाजाकडे बारीक लक्ष ठेवा, यापुढे मी संकेत देईन किंवा देणार नाही, माझी हालचाल पाहून तुम्ही तुमचं ठरवा. कप्तानांनी हेतू ओळखायचा आणि स्वतःच्या अकलेने जहाज हाकायचं. नेल्सनच्या काळात हे गृहीत होतं; वाफेच्या काळातल्या जाडजूड संकेतपुस्तकांनी ते पुसून टाकलं होतं.

गोची ही की स्वतंत्र विचार शिकवणारा हा शिक्षक स्वभावाने एकतंत्री होता. धिप्पाड देह, भरदार दाढी, तुटक बोलणं. कप्तानांना कोड्यात टाकायचं आणि उत्तर नंतर, नांगर टाकल्यावर सांगायचं, ही त्यांची पद्धत. त्यामुळे ताफ्यात एक समज रुजला होता: हुकूम विचित्र वाटला तर साहेबांच्या मनात काहीतरी असणार, आपल्यालाच कळत नाहीये. 22 जूनला टीए चढवलेलं नव्हतं. सगळे संकेत पुस्तकातले, रीतसर होते. पण हा समज त्या दिवशीही जहाजांवर होताच.

हिशेब

ताफा दोन समांतर रांगांत चालला होता. उजव्या रांगेच्या अग्रभागी ट्रायन यांची व्हिक्टोरिया, डाव्या रांगेच्या अग्रभागी रिअर ॲडमिरल आल्बर्ट हेस्टिंग्ज मार्कहॅम यांची ‘कॅम्परडाउन’. मार्कहॅम म्हणजे 1876 मध्ये उत्तर ध्रुवाच्या दिशेने तोवर कोणी गेलं नव्हतं इतकं पुढे गेलेले दर्यावर्दी. भित्रे खचितच नव्हते.

ट्रायन यांच्या मनातली हालचाल अशी: दोन्ही रांगांनी एकापाठोपाठ एक आतल्या बाजूला, एकमेकींकडे, 16 पॉइंट वळायचं. होकायंत्राचे 32 पॉइंट म्हणजे पूर्ण वर्तुळ, म्हणून 16 पॉइंट म्हणजे 180 अंश. वळण पुरं झालं की रांगा उलट दिशेला तोंड करून परस्परांपासून फक्त 2 केबलवर असतील. थोडं पुढे जाऊन सगळी जहाजं एकदम काटकोनात वळतील आणि नांगर टाकतील. एक केबल म्हणजे 200 यार्ड, साधारण 183 मीटर.

आता वळणाला जागा किती लागते? या जहाजांचं सुकाणू सरावातल्या नेहमीच्या कोनात, 28 अंशांवर ठेवलं, तर अर्धं वर्तुळ फिरेपर्यंत जहाज मूळ मार्गापासून 800 यार्ड, म्हणजे 4 केबल बाजूला सरकतं. दोन जहाजं आत वळणार म्हणून 4 आणि 4, आणि शेवटी मध्ये उरायला हवे 2. एकूण 10 केबल. 8 केबलवर सुरुवात केली तर जहाजं एकमेकींना घासून जातील. सुकाणू टोकापर्यंत फिरवलं आणि इंजिनांची मदत घेतली, तर हा व्यास 600 यार्डांच्या आसपास आणता येतो. तरी दोन जहाजांचे मिळून 1,200 होतात.

ट्रायन यांनी अंतर ठेवलं 6 केबल. म्हणजे बरोबर 1,200 यार्ड.

कागदावर दोन वर्तुळं काढली तर जहाजं साधारण 120 अंश वळल्यावर मधल्या रेषेवर भेटतात, आणि 8.8 नॉटच्या वेगाला तिथे पोचायला तीन मिनिटंही लागत नाहीत. याला गणिती बुद्धी लागत नाही, पेन्सिल लागते.

6 हा आकडा आला कुठून? सर्वांत पटणारं उत्तर असं: वळणाचा व्यास 4 केबल, त्रिज्या 2. कोणी व्यासाच्या जागी त्रिज्या धरली तर 2 आणि 2 आणि मधले 2 मिळून नेमके 6 होतात. दुसरा एक तर्कही पुढे मांडला गेला, की व्हिक्टोरिया कॅम्परडाउनच्या बाहेरून मोठं वळण घेणार होती. मार्कहॅम यांनीही त्या क्षणी स्वतःची समजूत अशीच घातली. पण व्हिक्टोरियाने स्वतः सुकाणू टोकापर्यंत फिरवलं होतं. बाहेरून मोठं वळण घेणारं जहाज असं करत नाही.

हुकूम

आश्चर्य याचं की चूक वेळेवर दाखवली गेली होती. दुपारी दोनच्या सुमारास ट्रायन यांनी बेत सांगितला तेव्हा स्टाफ कमांडर (जहाजाचा मार्ग पाहणारे अधिकारी) हॉकिन्स-स्मिथ म्हणाले की किमान 8 केबल लागतील. ट्रायन यांनी ते मान्य केलं. थोड्याच वेळात त्यांनी संकेत काढला तो 6 चा. आकडा पाहून अधिकारी चपापले. संकेतांचं काम पाहणारे फ्लॅग लेफ्टनंट लॉर्ड गिलफर्ड यांच्यामार्फत पुन्हा विचारणा झाली. उत्तर आलं: सहाच राहू द्या. त्यानंतर तासभर ताफा 6 केबलवर चालत राहिला. व्हिक्टोरियाचे कप्तान मॉरिस बर्क यांना ठाऊक होतं, हॉकिन्स-स्मिथ यांना ठाऊक होतं, गिलफर्ड यांना ठाऊक होतं. तिघांनाही वाटलं की साहेब शेवटी काहीतरी वेगळं करतील.

साडेतीनच्या सुमाराला व्हिक्टोरियावर दोन संकेत एकाच वेळी चढले. दोन्ही रांगांना आत वळवणारा एकच संकेत पुस्तकात नव्हता. पहिल्या तुकडीने (उजव्या रांगेने) डावीकडे 16 पॉइंट, दुसरीने (डाव्या रांगेने) उजवीकडे 16 पॉइंट, ताफ्याचा क्रम राखून. कॅम्परडाउनवर मार्कहॅम म्हणाले की हे अशक्य आहे. त्यांनी उत्तराचा झेंडा पूर्ण न चढवता अर्ध्यावर ठेवला. ‘संकेत दिसला, पण कळला नाही’ हे सांगायची ही रीत. आपली शंका सेमाफोरने, म्हणजे अक्षरागणिक संदेश देण्याच्या पद्धतीने, कळवायची त्यांची तयारी चालली होती, तोच व्हिक्टोरियावरून प्रश्न आला: कशाची वाट पाहताय?

साऱ्या ताफ्यादेखत विचारलेला प्रश्न. मार्कहॅम यांचा झेंडा वर गेला. दोन्ही संकेत उतरले आणि दोन्ही जहाजं वळू लागली.

पुढचं दृश्य व्हिक्टोरियाच्या चार्टघराच्या माथ्यावरचं. बर्क म्हणाले, आपण त्या जहाजाच्या फार जवळ जाणार. उत्तर नाही. जहाजाचा डावा पंखा (प्रॉपेलर) उलटा फिरवायची परवानगी त्यांनी मागितली, पुन्हा मागितली, पुन्हा मागितली. ट्रायन मागे वळून आपल्या रांगेतली मागची जहाजं कशी येताहेत ते पाहत होते. हो म्हणाले तेव्हा उशीर झाला होता. मग ते स्वतःच मार्कहॅमच्या दिशेने ओरडले, मागे घ्या, मागे घ्या!

इथे एक गोष्ट खटकते. सुकाणू आणि पंखे ही कप्तानाची जबाबदारी. बर्क यांना परवानगीची गरज तांत्रिकदृष्ट्या नव्हती. कॅम्परडाउन तर 28 अंशांवरच वळत होती, धोका समोर दिसत असताना. ज्यांना टीएखाली स्वतःच्या अकलेने जहाज हाकायला शिकवलं होतं, त्यांनीच त्या तीन मिनिटांत ती अक्कल परवानगीच्या रांगेत उभी केली.

तेरा मिनिटं

त्या काळच्या युद्धनौकांना नाळेखाली, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाखाली, पाण्यात बुडालेली पोलादी चोच असे: रॅम. 1866 च्या लिसाच्या लढाईत ऑस्ट्रियन जहाजाने इटालियन जहाज असं भोसकून बुडवलं, तेव्हापासून या चोचीचं खूळ होतं. प्रत्यक्षात तिने मित्रच जास्त बुडवले. 1875 मध्ये ‘आयर्न ड्यूक’ने ‘व्हॅनगार्ड’ला, 1878 मध्ये जर्मन ‘कोनिग विल्हेल्म’ने ‘ग्रोसर कुरफ्युर्स्ट’ला.

कॅम्परडाउनची चोच व्हिक्टोरियाच्या उजव्या कुशीत, पुढच्या भागात, पाण्याच्या पातळीखाली सुमारे 12 फुटांवर घुसली आणि 9 फूट आत गेली. दोन्ही जहाजांची इंजिनं उलटी चालू होती, त्यामुळे चोच लगेच बाहेर ओढली गेली. जखमेतलं पातं उपसल्यासारखं झालं: सुमारे 100 चौरस फुटांचं भोक समुद्राला मोकळं मिळालं.

भोक मोठं होतं, पण 10,470 टनांचं जहाज अशा भोकाने तेरा मिनिटांत उलटावं, हे स्वाभाविक नव्हतं. कप्प्याकप्प्यांची रचना त्यासाठीच असते. एक-दोन कप्पे भरतील, बाकीचे तारतील. पण कप्प्यांचे वॉटरटाइट दरवाजे उघडे होते. गुरुवारची दुपार ही खलाशांच्या आरामाची, उकाडा प्रचंड, म्हणून झाकणं, हवेची भोकं, सगळं सताड उघडं. दरवाजे बंद करायचा हुकूम टक्कर होण्याआधी जेमतेम मिनिटभर निघाला. हे काम काही मिनिटांचं, तेही माणसं आपापल्या जागी तयार असतील तर. इथे माणसं खाली पोचेपर्यंत पाणी आधी पोचलं होतं.

त्यात व्हिक्टोरियाची घडण. 110 टनांच्या दोन तोफांचा एकच अवजड बुरूज पुढच्या बाजूला, आणि त्याच्यापुढचा डेक पाण्यापासून फारच थोडा वर. ताफ्यात या जातीच्या दोन जहाजांना सपातांची जोडी म्हणत. नाळ खाली जाऊ लागताच पुढचा डेक पाण्याखाली गेला, पाचेक मिनिटांत नाळ 15 फूट खचली होती, आणि मग पाणी भोकातून नव्हे तर वरून, बुरुजाच्या तोफांच्या खिडक्यांतून आणि डेकवरच्या उघड्या दारांतून आत कोसळू लागलं. जहाज उजवीकडे कलत होतं, उजवीकडच्या खिडक्या पाण्याला टेकत होत्या, आणि प्रत्येक खिडकीबरोबर कल वाढत होता.

या वेळी ट्रायन यांनी दुसरी चूक केली. जहाज तरेल असं त्यांना आणि हॉकिन्स-स्मिथ यांना वाटत होतं. किनारा पाचेक मैलांवर. त्यांनी जहाज तिकडे हाकलं, उथळात रुतवण्यासाठी. पुढे चालणाऱ्या जहाजाची फुटलेली नाळ पाणी अधिकच जोराने आत घेते. आणि दुसऱ्या जहाजांनी सोडलेल्या मदतीच्या होड्यांना त्यांनी थांबायला सांगितलं. थोड्याच वेळात हायड्रॉलिक दाब गेला. सुकाणू गेलं, स्वतःच्या होड्या उतरवायची सोयही गेली.

भोकावर बाहेरून जाड मॅट ओढायचा प्रयत्न झाला. पुढच्या डेकवर पाणी कमरेशी आल्यावर तो सोडावा लागला. बाकीची माणसं डेकवर रांगा करून शिस्तीत उभी होती. जहाज उजवीकडे उलटलं तेव्हा पंखे अजून फिरत होते. इंजिन आणि बॉयलरच्या खोल्यांतून वर यायचा हुकूम खाली वेळेवर गेलाच नाही. तिथली जवळपास सगळी माणसं जागेवरच राहिली, फ्लीट इंजिनीअर फेलिक्स फोरमन यांच्यासकट. या प्रकरणातला सर्वांत कमी बोलला जाणारा भाग हाच.

2004 मध्ये गोताखोरांना जहाज सापडलं, सुमारे 140 मीटर खोलीवर. ते आडवं पडलेलं नाही; नाळ गाळात रुतून, पंखे वर करून उभं आहे. पुढचा बुरुजाचा भार आणि फिरते पंखे या दोहोंनी त्याला तसं खाली नेलं.

तुलनेला कॅम्परडाउन आहेच. तिची चोच जवळजवळ निखळली, शेकडो टन पाणी नाळेत शिरलं, पुढचा डेक पाण्याखाली गेला. तिचेही दरवाजे वेळेवर बंद झाले नव्हते. पण तिच्या माणसांनी मुख्य डेकवर आडवा बांध घातला आणि दीड तासाने गोताखोरांनी एक दरवाजा लावून घेतला. ती तरली.

चौकशी

17 जुलैला माल्टात ‘हायबर्निया’ जहाजावर कोर्ट मार्शल बसलं. अध्यक्ष होते सर मायकेल कल्म-सीमर, म्हणजे ट्रायन यांच्या जागी आलेलेच ॲडमिरल. टक्कर झाल्यावर ट्रायन यांनी ‘सगळी माझी चूक’ असं म्हटल्याची साक्ष झाली. बर्क निर्दोष सुटले. मार्कहॅम यांनी आपली शंका कळवण्याचा मूळ विचार अमलात आणला नाही याबद्दल खेद नोंदवला गेला. पण समोर असलेल्या प्रमुखाचा हुकूम पाळल्याबद्दल त्यांना दोष देणं सेवेच्या हिताला मारक ठरेल, असंही त्याच दमात म्हटलं गेलं. जहाज उलटलं का, यावर मात्र कोर्टाने मत देण्याचं टाळलं.

ते उत्तर ॲडमिरल्टीचे मुख्य नौकारचनाकार विल्यम व्हाइट यांच्या अहवालात आलं, जो पार्लमेंटपुढे ठेवला गेला. दोष कप्प्यांच्या रचनेत नव्हता. बुरुजाच्या खिडक्या आणि वरचे दरवाजे बंद असते तर जहाज असं उलटलं नसतं. व्हाइट हे स्वतः रचनाखात्याचे प्रमुख, तेव्हा रचनेला त्यांनी निर्दोष ठरवणं थोडं सांभाळून वाचावं. पण उघड्या दरवाजांचं त्यांचं गणित कोणी खोडलेलं नाही.

मागे काय उरलं

लोकांच्या आठवणीत भूत उरलं. बुडण्याच्याच वेळी लंडनमधल्या ईटन स्क्वेअरच्या घरी लेडी ट्रायन यांच्या मेजवानीत ॲडमिरल पाहुण्यांमधून चालत गेले, ही कथा आजही छापली जाते.

आरमारात टीए संपलं. कोणी बंदी घातली म्हणून नव्हे. ज्याच्या नावावर ते होतं त्याच्या नावावर आता 358 मृत्यू होते. वळणं पुन्हा पुस्तकातल्या संकेतांनी होऊ लागली. जे टीए त्या दिवशी चढवलंच नव्हतं त्याला शिक्षा झाली, आणि ज्या संकेतपद्धतीने हुकूम दिला-घेतला गेला ती जास्त पक्की झाली.

वाचलेल्यांमध्ये व्हिक्टोरियाचे कमांडर जॉन जेलिको होते. माल्टा तापाने फणफणलेले, अंथरुणातून उठून वर आलेले, पाण्यात एका मिडशिपमनने आधार दिला म्हणून जगलेले. 1914 मध्ये ते ग्रँड फ्लीटचे, म्हणजे ब्रिटनच्या मुख्य युद्धताफ्याचे, प्रमुख झाले. त्यांचे लढाईचे लेखी हुकूम सत्तरहून अधिक पानांचे होते, आणि त्यांत हाताखालच्यांनी स्वतः ठरवायला जागा थोडीच होती. 31 मे 1916 ला ब्रिटिश आणि जर्मन आरमारांच्या जटलंडच्या लढाईत रिअर ॲडमिरल एव्हान-थॉमस यांच्या चार नव्याकोऱ्या बलाढ्य युद्धनौका जर्मन ताफ्याच्या दिशेने सरळ जात राहिल्या. त्यांचे वरिष्ठ ॲडमिरल बीटी यांची जहाजं समोरून उलट फिरून येताना त्यांना दिसत होती, वळायला हवं हेही दिसत होतं. पण बीटींच्या जहाजावरचा वळणाचा झेंडा खाली उतरला नव्हता. तो उतरेपर्यंत एव्हान-थॉमस थांबले, आणि वळताना त्यांच्या जहाजांनी जर्मन गोळे खाल्ले.